विखुरलेली मतं

नार्व्याच्या धक्क्याला शेवटची फेरी लागते
तेव्हा तिकडे अमेरिकेत दुपार.
मी लॅपटॉप उघडते
आणि अठराशे सहा सालातल्या एका गावाची
मतं उतरवायला बसते.
पानामागे चाळीस रुपये.

तपकिरी शाई, डावा कोपरा कसरीनं खाल्लेला.
गावचा कारकून थंडीत बोटं फुंकत लिहीत असावा,
अक्षर ओळीखाली घसरत जातं.

गव्हर्नरपदासाठी:
जेडिडाया पर्ली, एकेचाळीस.
जेडिडाया पिअर्ली, सहा.
जे. परली, दोन.

माणूस एकच, हे मलाही कळतं.
पण सूचना स्पष्ट आहे, जसं लिहिलंय तसं.
आणि सगळ्यात खाली, ज्यांना एखादंच मत पडलं
ती नावं. त्यांना तिकडे म्हणतात 'विखुरलेली'.
मळणीत खळ्याबाहेर उडालेल्या
दाण्यांना आपण काही म्हणतही नाही.

वासू वेरेंकर मास्तर सोप्यावर बसलेले असतात,
झोप येत नाही म्हणून.
"गव्हर्नर? आणि लोकांनी निवडला?"
हो. दर वर्षी.
"दर वर्षी!"
ते हसतात तेव्हा कवळी टकटक वाजते.
"आमचा बोटीनं यायचा.
आम्ही पोरं पणजीच्या धक्क्यावर उन्हात,
हातात कागदी झेंडे,
नाव पाठ करून घेतलेलं, इतकं लांब
की शेवटचा तुकडा येईपर्यंत
साहेब मोटारीत बसून गेलेला."

आता विमानानं येतो, दिल्लीहून.
काबोच्या टोकावर राहतो.
तिथून समुद्र छान दिसतो म्हणतात.

मी सांगते, तिकडेही सगळ्यांना नव्हतं मत.
जमीन हवी, नाहीतर कर भरलेला हवा,
बहुतेक ठिकाणी गोरा हवा, आणि पुरुष.
एका राज्यात काही बायका देत होत्या थोडी वर्षं,
मग दार ओढून घेतलं.
"म्हणजे आमच्या पाखल्यांसारखंच," मास्तर म्हणतात.
"कर भरणारा, लिहिता येणारा.
माझा बापूस दोन्हीत नापास."

मग गप्प. नदीवर कुणीतरी जाळं झटकतंय.

"त्रेसष्टात माझी ड्युटी दिवाडीला.
पेटी होडीत मधोमध, विहिणीसारखी ताठ,
आम्ही चौघं तिच्या मर्जीनं कडेकडेला.
दुपारी आपोलोनिया आली,
सुक्या मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून.
बोटाला शाई लावली. पडद्याआड गेली.
येईचना.
पाच मिनिटं. दहा.
रांग कुरकुरायला लागली, एजंट उठून उभा,
पाटीवर मांजर.
मी पडद्याबाहेरून म्हटलं,
बाये, कळत नाही काय? शिक्का मार आणि ये.
आतून म्हणाली,
'कळटा रे. मातशें रावूं दी.
आज मेरेन कोणें विचारूंक ना.'"

मास्तरांनी तिला राहू दिलं.
उशीर का झाला ते लिहायला
वहीत रकाना नव्हता.

माझ्या पानावर शेवटचं नाव उरलंय,
अर्धं कसरीच्या पोटात,
पुढे एक उभी रेघ.
कारकुनानं ही ओळ सोडली असती
तर कुणाचं काय अडलं असतं?
पर्ली तसाही जिंकलेला त्या गावात.
तरी त्यानं दौतीत टाक पुन्हा बुडवला आहे,
शाई इथे ताजी, जास्त काळी.

मी टाइप करते: एक.

"किती झाली?" मास्तर विचारतात.
पन्नास. एकोणपन्नास आणि एक.
"ते एक कुणाला?"
वाचता येत नाही.
"बरं," म्हणतात,
आणि अंधारात पायानं चपला चाचपतात,
एक सापडते,
दुसरी सापडायला वेळ लागतो.