एकवीसशे चौदा, तीनशे दहा

फोनवर त्सियाला म्हणाली, टूलबार पळाला.
मी म्हटलं, टूलबार पळत नसतो, बाई,
कुणीतरी ओढलेला असतो.
ती गप्प. मागे हीटरची घरघर.
मग म्हणाली, तू ये.

कुतैसीत त्या दिवशी गारठा असा
की रिओनीच्या पुलावर सायकलचा ब्रेक धरवेना.
द्राक्षवेलींच्या नोंदणीचं कार्यालय, दुसरा मजला,
दोन टेबलं एकमेकांना खेटून. उजवं मोकळं.
त्यावरच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन,
स्क्रीनच्या पायाएवढा.

मी नेहमीचे उपाय केले.
मेनूत जाऊन टूलबारपुढची खूण काढली, पुन्हा लावली.
खूण लागते, म्हणजे तो आहे.
दिसत नाही, एवढंच.
खिडकी लहान केली, मोठी केली, बंद करून उघडली.
काखेत कळसा म्हणावं, तर काखही तपासून झाली.

शेवटी म्हटलं, सगळं रीसेट करू.
जुनं प्रोफाइल पुसायचं, दोन मिनिटांचं काम,
प्रोग्राम नव्यासारखा होतो.
"नव्यासारखा म्हणजे?"
म्हणजे त्याला मागचं काही आठवत नाही.
"शब्दसुद्धा?"

तेव्हा तिने मला ती यादी दाखवली.
अकरा वर्षं मशीनला शिकवलेले शब्द, अकराशे सेहेचाळीस.
ओजालेशी. चखावेरी. क्राखुना. अलादास्तुरी.
आणि असे, ज्यांचा आता एकेकच वेल उरलाय कुणाच्या परसात,
ज्यांना नाव मिळालं एखाद्या म्हातारीच्या तोंडून
आणि ऱ्हस्वदीर्घ इलारिओनकडून.
ती टाइप करायची, तो शेजारी बसून वाचायचा.
लाल नागमोडी रेघ आली की दोघं भांडायची:
चूक मशीनची की म्हातारीची?
बहुतेक वेळा म्हातारी जिंकायची.

मग पुसायचं नाही.
फोल्डरात फोल्डर, त्यात लपवलेलं फोल्डर,
तळाशी एक लांबलचक फाइल.
तांदळातले खडे निवडावेत तशा ओळी निवडत गेलो,
तिने दोनदा चहा विचारला, मी दोनदा हो म्हणून विसरलो,
आणि सापडली:
टूलबार, तरंगता.
जागा: एकवीसशे चौदा, तीनशे दहा.

हिची स्क्रीन एकोणीसशे वीसला संपते.

"कुठे होता?"
मी बोट स्क्रीनच्या कडेवर ठेवलं
आणि कडेपलीकडे सरकवत नेलं, हवेतून,
चार बोटं,
त्या स्वच्छ चौकोनाच्या वर थांबलो.
इथे.

तिला नवल वाटलं नाही.
तिरकं करायचं काम त्याचं होतं, म्हणाली.
वेलाचं नाव तिरकं, गावाचं ठळक.
म्हणून बटणं त्याच्या बाजूला ठेवलेली.
हिवाळ्याआधी तो गेला.
त्याची स्क्रीन वरच्या मजल्यावरच्या लेखापालाने नेली,
रीतसर, सही करून.
मशीनला कुणी सांगितलं नाही.

मी आकडे बदलले, फाइल जतन केली, प्रोग्राम उघडला.
टूलबार वर येऊन बसला,
जणू मधे काही झालंच नाही.
माझा जीव भांड्यात.
म्हटलं, आता कुलूप लावतो, पुन्हा हलायचा नाही.

"वर नको."
वरच असतो सगळ्यांचा.
"असू दे सगळ्यांचा."
तिने माऊस माझ्या हातातून घेतला,
टूलबारच्या टोकाचे ठिपके पकडले
आणि ओढत, ओढत उजव्या काठापर्यंत नेला.
तिथे तो उभा राहिला, बटणाखाली बटण,
स्क्रीनच्या आतल्या अगदी शेवटच्या जागेवर.
"लाव आता कुलूप."

बिलावर मी एकच तास लिहिला.
अर्धा जिना उतरल्यावर हातमोजा आठवला, परत गेलो.
ती कुठलंसं नाव टाइप करत होती, यादीत मला न दिसलेलं.
खाली लाल रेघ आली नाही.
तिने ते निवडलं, काठावरचं बटण दाबलं,
आणि आमची गोल गोल अक्षरं
सगळी एकदम
उजवीकडे झुकली.