ओळंबा

दोरीला पोट आलंय, म्हणाला वार्लाम.
शिडीवर उभा, एक डोळा मिटलेला,
ओळंब्याचं शिसं खाली निश्चल,
आणि मधली दोरी, त्याच्या मते, गाभण.

मी हात पुसत बाहेर आले.
दोरी सरळ होती.
चियातुरात डोंगर कसेही असोत,
नदी मँगनीजने काळी वाहो,
शिशाला त्याचं काय?

"सरळ आहे," मी म्हटलं.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच
त्यानं माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला,
आणि मला भीती वाटली.

मग फेऱ्या सुरू झाल्या.
बाजारातला चष्मेवाला छत्र्याही विकतो.
तीन चष्मे नाकावर चढवले त्यानं.
तिसऱ्यातून दोरीचं पोट
आणखी स्वच्छ दिसायला लागलं.

दवाखान्यातला म्हणाला मोतीबिंदू,
काढून टाकू, मंगळवारी या,
आणि बोलताना बघत होता कागदाकडे.

शेजारची म्झेविनार म्हणाली लेझर करा,
तिच्या भाचीचा चष्मा गेला लेझरनं.
(भाची बावीस वर्षांची.)

कुताइसीत तर भिंतभर प्रमाणपत्रं, काचेच्या चौकटीत.
वार्लाम माझ्या कानात म्हणाला,
"चौकटी तिरप्या लावल्यात,
की मलाच तसं दिसतंय?"
मी नीट पाहिलं. एक खरंच तिरपी होती.

उत्तर प्रत्येकाकडे तयार.
हा सांगायचा, रेषा वाकते, मधोमध.
ते म्हणायचे, अक्षरं वाचा.
अक्षरं तो वाचायचा.
एव्हाना पाठच झाली होती.

शेवटी तिबिलिसी. पहाटेची गाडी,
मांडीवर पावाची पिशवी.
डॉक्टर नाझिब्रोला, ठेंगणी,
टेबलावर साय धरलेला चहा.
तिनं आधी विचारलं, "काम काय करता?"
मग चौकटीचा कागद पुढे केला, मधे एक ठिपका.
"एक डोळा झाका. ठिपका सोडू नका.
कुठे वाकतं, दाखवा."

त्यानं पेन्सिलीनं दाखवलं,
पाया आखावा तसं, न बोलता,
ठिपक्याच्या उजवीकडे, अक्रोडाएवढं.

थेंब घातले. अंधार केला.
किती तरी वेळ ती त्याच्या डोळ्यात वाकून होती,
विहिरीत पडलेली वस्तू शोधावी तशी.
मग म्हणाली,
"हे माझ्या हातचं नाही."

मी उठलेच.
एवढा रस्ता, एवढे पैसे, हे ऐकायला?
पण वार्लाम हसत होता,
वसंतानंतर पहिल्यांदाच.

कारण जन्मभर लोक त्याच्याकडे यायचे,
विहीर बांधून दे म्हणत,
आणि हा हात झटकायचा:
भिंत सांग, भिंत देतो.
विहिरीला वाखुश्तीकडे जा,
सकाळी जा, दुपारनंतर तो पितो.

तिनंही चिठ्ठीवर नाव लिहिलं.
"डोळ्याच्या पडद्याचंच काम करतात ते. चौथा मजला.
आजच. घरी जाऊन विचार करू नका."
आणि जिन्यापर्यंत आली त्याचं कोपर धरून.
तिचा चहा पुन्हा गार झाला असणार.

सुईबद्दल मी सांगणार नाही.
माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते, एवढंच.
चौथ्या मजल्यावरच्यानं खोटी आशा दिली नाही:
गेलं ते येईलच असं नाही,
आहे ते धरून ठेवू.
दर महिन्याला या.

दर महिन्याला जातो.
दोरीचं पोट थोडं उतरलंय, थोडं आहे.

काल कुंपणाच्या भिंतीवरून हाक आली,
"त्सिआला, बघ जरा!"
मी एक डोळा मिटून बघितलं,
"बोटभर डावीकडे."
त्यानं दगड सरकवला,
आणि मी वळले असं वाटून
तळहात फिरवला कडेवरून, दोनदा,
माझं बरोबर आहे का ते तपासायला.

विश्वास उडाला पुन्हा माझ्यावरचा.
मेणबत्ती लावून आले मी.