माणूस लाईनवर आहे

जांभ्याच्या दीड हात जाड भिंती.
वायफाय ओटीवरून माजघरापर्यंत येतं
आणि तिथेच अवघडून बसतं, नव्या जावयासारखं.
मागच्या पडवीत, जिथे माझं टेबल आहे,
पुण्याच्या ऑफिसातली माणसं
अर्ध्या वाक्यात गोठतात, तोंड उघडं टाकून.

चिपळुणातून दोन डबे आणले, साबणाच्या वडीएवढे.
एक राऊटरशेजारच्या प्लगात, एक पडवीतल्या.
दुकानदार म्हणाला, नवी वायर ओढू नका,
भिंतीत आहे तीच बोलेल.

भिंतीत आहे ती बाबांनी ओढलेली.
शहाऐंशी साली, आठ दिवस रजा टाकून,
सागवानी पट्टीवर दर वितीला एक क्लिप.
बोर्डाचा लाईनमन विसाजी,
दाभोळचे सगळे खांब चढून झाल्यावर
स्वतःच्या घरात शिडी लावून चढला.
आता त्याच तांब्यातून
माझे आकडे, तक्ते, सुप्रभातचे निरोप
त्याच्या क्लिपा मोजत पडवीत येतात.

हिरवा दिवा. दोन दिवस हिरवा.
मग दुपारी तीनच्या ठोक्याला तांबडा.

मिक्सर काढला. फ्रीज काढला.
इन्व्हर्टरला शिव्या दिल्या, काढला.
विहिरीचा पंप तर सकाळपासून बंदच.
घर इतकं गप्प झालं
की जेटीवरच्या फेरीबोटीचा भोंगा घरात वाजल्यासारखा वाटला.
तरी तांबडा.
आणि नुसता तांबडा नाही.
लांब. थांबा. दोन आखूड. थांबा. पुन्हा लांब.
हे मी कुठेतरी ऐकलंय,
असं दिव्याकडे बघून वाटलं.

खिडकी उघडली.
पोफळींच्या पलीकडे झुलेखाबींचं शिलाई मशीन,
मोटर लावलेलं.
लांब शिवण. कोपरा वळवायचा. दोन टाके. पुन्हा लांब.

वायरमागे वायर धरत गेले.
पंपाच्या पेटीतून एक काळी नळी खाली उतरते,
मातीतून, पोफळींच्या ओळीतून,
कुंपणाच्या चिव्यांखालून,
आणि तिच्या खिडकीशी वर येते.
तिथेही दर वितीला एक क्लिप.

तिने सुई वर केली, चष्मा खाली.
‘तुज्या बापसान दिलेली हाय ती, पोरी.
घर दिराच्या नावावर, दीर डर्बनला,
कागदावर सही कोन आननार?
पैसं कदी घेतलान नाय.
म्हनलान, खांबावर पँट फाटते माजी,
तेवडी शिव.’

माझा बाप.
ज्याने तारेवर आकडा टाकणाऱ्यांच्या वायरी
कोयत्याने तोडल्या, सख्ख्या मामाचीसुद्धा.
सव्वीस रुपयांच्या थकबाकीसाठी
सरपंचाचा फ्यूज खिशात घालून आणला.
आणि आमच्याच मीटरची चकती
पस्तीस वर्षं थोडी जास्त फिरत राहिली,
बिल तो स्वतः जाऊन भरायचा,
आईच्या हातात कधी दिलं नाही.
आम्ही म्हणायचो, काय हा शिस्तीचा माणूस.

दुकानदार सांगतो, तिच्या प्लगाला फिल्टर लावा,
दोनशे ऐंशी रुपये, मोटरची खरखर तिकडेच अडते.
आणलाय.
टेबलाच्या खणात आहे, पाकीट न फोडता.
लावीन.
ईदच्या आधीचे तिचे दिवस घाईचे,
आत्ता मध्येच मशीन कशाला थांबवा.

मीटरच्या पेटीला बाबांची एक पत्र्याची पाटी
अजून तारेने बांधलेली आहे, कडा गंजलेल्या.
खांबावर चढताना खाली स्विचला अडकवायचे ती.
तीन वाजले. दिवा तांबडा.
पुण्याचे चेहरे गोठले, त्यातला एक विचारतो,
‘पुन्हा तुझं नेटवर्क?’
मी म्हणते, हो, जरा थांबा,
माणूस लाईनवर आहे.

आणि थांबते,
तिचा कोपरा वळून होईपर्यंत.