वीस-शून्य

मी गुणलेखक होते. अजून आहे म्हणा,
टेबल गेलं, पेन्सिल राहिली.

ज्या वर्षी आपला क्लब देशात पहिला आला
त्या वर्षी टेंभुर्णे सरांकडे ते पत्र आलं:
आशियातल्या विजेत्या क्लबांनी एका शहरात जमायचं,
आठवडाभर खेळायचं,
तिकीट ज्याचं त्याने काढायचं.
शेवटची ओळ सरांनी मोठ्याने वाचली नाही.

आधी ब्लेझर शिवले.
पासपोर्टच्या आधी ब्लेझर, काऊन ते विचारू नका.
इतवारीत मुश्ताकमियांनी खिशावर आशिया भरला,
शाळेच्या नकाशावरून, जरीने.
जपानपर्यंत येता येता जर संपली
म्हणून जपान हिरवा.

बारा ब्लेझर, सात पासपोर्ट.
"पाचच तर लागतात मैदानात," नंदनवार म्हणाला,
"दोन राखीव. जाऊन राहिलो ना आपण!"
वर्गणीची वही धरमपेठेतून निघाली
आणि महालात अडली.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
दुपारी कूलरसमोरून उठून कोण दार उघडतं?

न आलेला संघ वीस-शून्यने हरतो.
तसा नियमच आहे.
निकालाचं पाकीट पंधरा दिवसांनी आलं,
आणि क्लबच्या वहीत मी ते उतरवलं,
चार सामने, चार वेळा,
स्वच्छ अक्षरात.
खाली सही केली. फाऊल: निरंक.

स्पर्धेचं तरी कुठे धड चाललं होतं.
एका वर्षी यजमान मिळेना, एका वर्षी पैसा,
एकदा विमानंच बंद.
नाव बदललं, परत बदललं,
आपण क्लबच्या पाटीला दर दिवाळीला रंग देतो तसं.
मग बाहेरचे खेळाडू घ्यायची मुभा आली,
आधी एक, मग दोन, मग त्यावरून भांडणं.
आता एका शहरात जमणं नाही.
तुम्ही आमच्याकडे या, मग आम्ही तुमच्याकडे,
सोयरीक जुळवताना करतात तसं.

रात्री फोन पाण्याच्या जगला टेकवून मी बघते.
मनिला. अम्मान. उलानबातर.
बोलणं कळत नाही, आकडे कळतात.
नावं कानाला येतील तशी देवनागरीत लिहिते,
वेलांटी चुकत असेल, गुण चुकत नाहीत.
बर्फातून आलेला सात फुटी माणूस
पाचव्या फाऊलवर
त्रिमूर्तीनगरच्या माझ्या टेबलावर बाद होतो
आणि मान खाली घालून बसतो, औषधांच्या डबीशेजारी.

घड्याळ चोवीस सेकंदांचं झालंय. आमच्या वेळी तीस होते.
नंदनवार असता तर म्हणाला असता,
"सहा सेकंद कोणी खाल्ले बे?"
त्याचा ब्लेझर तीन लग्नांत तीन जणांनी घातला.
हिरवा जपान अजून पक्का आहे म्हणतात.

यंदा पुन्हा पत्र.
पात्रता फेरीचा एक सामना तुमच्या गावी घ्याल का?
फरशी लाकडी हवी, खुर्च्या इतक्या,
छत सात मीटर, आणि मध्ये काही लटकता कामा नये.
पोरं बांबू घेऊन आपला हॉल मोजायला गेली.
सहा मीटर ऐंशी. वर कबुतरं.
सगळे गप्प. तेवढ्यात उक्यांची पल्लवी,
जी पुलांची कामं बघते,
टाचेने फरशी ठोकून म्हणाली,
"छत चढत नाही तर जमीन उतरवू.
वीसच सेंटिमीटर तर हाये."

सोमवारपासून खोदतायत.
झिरो माइलच्या दगडावर कवठा आहे, हैदराबाद, रायपूर, चांदा.
पाहुण्यांचं गाव कोणत्याच बाजूला कोरलेलं नाही,
तरी येतील, विमानाला दगड लागत नाही.

मी नव्या कागदावर रेघा मारून ठेवल्यात.
'अ' म्हणजे यजमान, तिथे आपलं नाव घातलं,
शाईने.
'ब' समोर अजून काही नाही.
टेंभुर्णे सरांच्या सुनेचा फोन येऊन गेला,
सकाळच्या पोह्यांवर तर्री द्यायची की नाही,
दिली तर किती.
त्यावर कमिटीचं एकमत व्हायचंय.