निरंक

ओशिवेलोच्या फाटकावर माझी नोकरी
लोकांचे डबे उघडायची.

बस थांबते, माणसं उतरतात,
सोड्याच्या पाण्यात भिजलेल्या गोणपाटावर बूट पुसतात.
मी विचारते, मांस आहे का? दूध? कातडं?
सगळे नाही म्हणतात.
माझं नाक मात्र सरकारी पगारावर आहे.

ही तार माझ्या पणजोबांच्या वेळची.
तेव्हा म्हणे बुळकांडी आली होती
आणि कुणा जर्मन साहेबाच्या हातून
नकाशावर लाल शाई सांडली.
बुळकांडी गेली. साहेब गेला.
त्याच्यामागून आलेले साहेबही गेले.
शाई वाळायचं नाव घेत नाही.

आताचं कारण लाळ्या-खुरकूत.
कारण खोटं नाही.
जिभेवर फोड घेऊन तीन पायांवर उभी वासरं
मी पाहिली आहेत, खूप पूर्वेला, नदीच्या बाजूला.
आमच्या गावात, तातेंच्या आठवणीत,
एकही नाही.

ताते म्हणजे माझे वडील.
तारेच्या वरच्या अंगाला त्यांची एकेचाळीस गुरं होती,
लोक त्यांना श्रीमंत म्हणायचे.
श्रीमंती मोपानीच्या सावलीत रवंथ करत बसायची
आणि ताते चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधायचे.
दक्षिणेचा दलाल यायचा तेव्हा
दात बघायचा नाही, वशिंडावर हात ठेवायचा नाही,
बैल तारेच्या कुठल्या बाजूला उभा आहे
तेवढं बघून निम्मा भाव सांगायचा.
नको तर ठेव म्हणायचा.
तातेंनी ठेवली.
दुष्काळात सत्तावीस उरली.
तारेपलीकडे गुडघाभर गवत
उभ्या उभ्या वाळत होतं, खायला कुणी नव्हतं.
एक कुडू हरीण आलं, धावलंसुद्धा नाही,
जागेवरून उडी मारून पलीकडे गेलं.
त्याला मी काय विचारणार?

मार्चमध्ये बसमधून ताते उतरले.
धाकटी त्सुमेबला बाळंत झाली होती.
हातात रंगाचा जुना निळा डबा, आत वाळवलेलं मांस,
घरच्याच कालवडीचं,
जिचं नाव धाकटीनंच ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मांस आहे का?"
रांगेत सगळ्यांना म्हणते तसंच.
ते म्हणाले, "तुला वास येत नाही का, तुयाकुला?"
"खड्ड्यात टाकावं लागेल, ताते. वरून रॉकेल."
"आणि पोटात घालून नेलं तर?"

नियमांच्या पुस्तकात पोटाबद्दल
काहीच लिहिलेलं नाही.

फाटकाच्या अलीकडे, काटेरी झाडाखाली
ते फतकल मारून बसले, चाकू काढला.
ड्रायव्हरला हाक मारली.
वसतिगृहाला निघालेल्या दोन पोरांना.
कोंबड्या घेऊन बसलेल्या बाईला.
मग पोलिसालाही, तो आधी लाजला.
बाळंतिणीचं मांस चाळीस माणसांनी खाल्लं,
उभ्यानं, घाईघाईत,
आणि अजून नाव न ठेवलेल्या एका पोराला
भरल्या तोंडानं आशीर्वाद दिले.
माझा तुकडा मी गणवेशाच्या खिशात घातला.
मग आठवलं, संध्याकाळी घरी जाताना
आमचेही खिसे तपासतात.
खाल्ला.
धुराची चव होती, आमच्याच चुलीच्या.

बस पाऊण तास उशिरा सुटली.
त्याआधी डबा औषधाच्या पाण्यात बुडवायचा होता.
रिकामा असला तरी. तसा नियम आहे.
ताते तो छातीशी धरून म्हणाले,
"धुऊ नकोस.
झाकण काढलं की तिला कळेल
काय आणलं होतं."

मी दुसऱ्या गाडीकडे वळले.

रजिस्टरमध्ये जप्त मालाचा एक रकाना असतो.
तारीख लिहिली, वेळ लिहिली, बसचा नंबर,
आणि पुढे, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात,
निरंक.