गुणपत्रक

हेगच्या इस्पितळाचा धोबीखाना तळघरात आहे.
वर्षअखेरीचा फॉर्म घेऊन फुलमती रामअवतार
ड्रायरच्या उबेला बसलीय, चष्मा पुसत.
नऊ माणसं, नऊ चौकोन,
प्रत्येकाला दहापैकी गुण.

मागल्या मंगळवारी वरून एक सल्लागार आला होता,
भारतात तीन आठवडे राहून आलेला.
त्याने टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या:
पांढरी सत्त्वाची, तांबडी रजाची, काळी तमाची.
आपापली उचला, म्हणाला, म्हणजे टीम कळेल.
अफुआने तांबडी घेतली, लिपस्टिकला जुळते म्हणून.
कॉर्नेलिसला कुणी विचारलंच नाही,
त्याच्या पाठीवर परस्पर काळी लागली.
सगळे हसले.
तोही हसला, जरा उशिरा.

फुलमतीला आजा आठवला, पारामारिबोच्या ओट्यावर
काथ्याचा दोर वळणारा.
पोरी, गुण म्हणजे पेड.
एका पेडाने शेळीसुद्धा बांधून होत नाही.
हे तिने तेव्हाच बोलून दाखवायला हवं होतं.
पण ती गप्प बसली,
आणि पांढरी चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

मग गुरुवारी चौथ्या मजल्यावर जुलाबाची साथ.
चादरींचा ढीग छताला.
अफुआ दोन-दोन मशीनं लावत पळतेय,
इद्रिस नमाजावरून उठून शांतपणे गाठोडी सोडतोय,
आणि कॉर्नेलिस? भिजल्या गोधडीसारखा, एक-एक चादर
झटकून, चाचपून.
अरे आटप की, अफुआ ओरडली.
त्याने आटपलं नाही.
म्हणून तर सापडली,
उशीच्या अभ्र्यात, कुणा आजीबाईंची कवळी.

पहाटे तीनला अफुआ गाठोड्यावर डोकं टेकून घोरत होती,
आणि कॉर्नेलिस, अहो कॉर्नेलिस,
रुमालात ते दात धरून
जिन्याने चार मजले पळत गेला,
न्याहारीच्या आत.

आता त्याला किती द्यायचे?
रात्री दहाचे, की पहाटे तीनचे?
फॉर्मवर वेळेचा चौकोन नाही.
औषधाला गुण येतो तसा माणसालाही येतो,
कधी येतो, ते शेजारी कोण बांधलंय त्यावर.
हे लिहायला तर नखाएवढीही जागा नाही.

पेन शोधताना पर्समधून चिठ्ठी निघते.
कडेला लिपस्टिक लागलेली, पाठीला कापसाचा लोळ,
बडीशेपेचा एक दाणा चिकटलेला.
पांढरी म्हणावी अशी राहिलेली नाही.
ती बोटाने जरा सरळ करते.
ड्रायर थांबतो. कुणीतरी हाक मारतं.
पहिला चौकोन अजून कोराच.