दाताच्या दवाखान्याशेजारी

बसा ना. काबरं उभे राहता?
कूलरची हवा त्या कोपऱ्यात जात नाही, इकडे सरका.
भुसावळात, मे महिन्यात, दोन जिने चढून आलात,
अर्धं काम तिथंच झालं, असं मी कोणाला म्हणत नाही,
तुमचा घाम बघून म्हणते.

घरी काय सांगितलं, दाढ?
समोर दातांची पाटी आहे, सगळे तेच सांगतात.
रावेरच्या एका बाईंच्या सासूला तर वाटतं
सुनेच्या तोंडात आता एकही दात खरा नसेल.

हा फॉर्म. नाव, वय, गाव.
'का आलात' ही ओळ रिकामी सोडली तरी चालते.
मागे एकाने तिथे लिहिलं होतं, झोप.
नुसतं झोप.
वर्षभर आला तो, सोमवारच्या सोमवारी.

मी आत नसते, हे आधीच सांगते.
आतलं मला ऐकू येत नाही;
यार्डात डबे जोडतात तेव्हा तर
माझंच मला ऐकू येत नाही.
झांबरे मॅडम आतलं बाहेर काढत नाहीत,
तुमचा साहेब येवो, बायको येवो, गावचा सरपंच येवो.
फक्त जिवाचं काही असलं,
तुमच्या नाहीतर दुसऱ्याच्या,
तर त्या कोणाला तरी कळवतील,
आणि कळवू, हे आजच, बसल्या बसल्या, तुम्हाला सांगतील.
तेव्हा दचकू नका.

आठशे रुपये. पन्नास मिनिटं.
जमत नसेल तर त्यांना सांगा, कमी करतात.
मी वहीत तेवढेच लिहिते, मान वर करत नाही.

गोळी नाही. लागलीच तर जळगावच्या डॉक्टरांचं नाव देतील.
दोरा नाही, अंगारा नाही,
'असं करा' हेसुद्धा फारसं नाही,
आणि याचाच लोकांना राग येतो.
एकजण खाली जाऊन रसवंतीवाल्याला म्हणाला,
आठशे रुपये घेऊन बाई मलाच विचारते, तुम्हाला काय वाटतं!
पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं आधी हजर.

तुम्ही गाडी चालवता ना?
विचारत नाहीये. बुटांवरून वाटलं.
आणि हॉर्न वाजला की इथले सगळे खिडकीकडे बघतात,
तुम्ही जमिनीकडे बघितलं.

घरची टाकी घासलीय कधी, आत उतरून?
आपल्याकडे नळ आठव्या दिवशी,
तळाशी किती बसलेलं असतं.
घासली की दोन दिवस पाणी गढूळ, कोणी पीत नाही.
तसं होईल. जेवण नको वाटेल,
पोरावर ओरडाल कदाचित.
टाकी फुटलेली नसते तेव्हा. एवढं ध्यानात ठेवा.

नाही पटलं तर तोंडावर सांगा.
दुसरं कोणी हवं म्हटलं तर त्या नंबर देतात, रुसत नाहीत.
एकदा रुसल्या होत्या थोड्या. पण दिला.

आणि रडायलाच पाहिजे असं काही नसतं.
मी तर
हो, मीही गेलेय आत.
सहा वर्षं या टेबलाशी काढून, मागच्या पोळ्यानंतर.
वाटलं होतं, मला सगळं ठाऊक आहे,
रुमालांचा डबा कुठे, घड्याळ कोणत्या भिंतीला.
पन्नासच्या पन्नास मिनिटं मी
कूलरच्या गवताबद्दल बोलले.
जुनं झालंय, बदलायला हवं, वास येतो.
मॅडमनी ऐकलं, सगळं.
पुढच्या खेपेला म्हणाल्या,
गवत बदललं. वास येतो अजून?
मी म्हटलं, येतो.
मग बाकीचं.

पाचच मिनिटं राहिली.
दार उघडलं की जो बाहेर येईल
त्याच्या तोंडाकडे बघत राहू नका.
दाढ काढून आलेल्याकडे बघतो ना आपण,
जरासं,
आणि वाट देतो,
तसं.